नैसर्गिक मारक पेशींची स्मृती

रक्तातील लसिकापेशींपैकी सुमारे 5 ते 15 टक्के पेशी नैसर्गिक मारक, म्हणजेच एनके पेशी असतात. त्यांचे मोल 1989 मध्ये नोंदल्या गेलेल्या एका किशोरवयीन रुग्णेमुळे ठळक झाले. या पेशींच्या अभावी तिला कांजिण्या, सायटोमेगॅलो आणि हर्पिस विषाणूंचे गंभीर संसर्ग पाठोपाठ झाले.

टी-पेशींना चुकवण्यासाठी अनेक विषाणू बाधित पेशीवरील एमएचसी-1 प्रथिने घटवतात. एनके पेशी नेमकी हीच उणीव हेरतात. चोराने मिटवलेल्या खुणाच त्याचा माग देतात म्हणा ना! मात्र या पेशींना स्मृती नसते, असा दीर्घकाळ समज होता.

कॅलिफोर्नियात लुईस लॅनियर यांच्या प्रयोगशाळेने 2009 मध्ये तो मोडीत काढला. उंदरांच्या सायटोमेगॅलो विषाणूचे एम157 प्रथिन ओळखणाऱ्या एनके पेशी संसर्गात झपाट्याने वाढल्या, मग ओसरल्या. पण काही महिने टिकल्या आणि पुन्हा डिवचताच अधिक जोमाने तुटून पडल्या. नवजात उंदरांत सोडल्यावर त्यांनी नवख्या पेशींहून सरस संरक्षण दिले.

माणसांत सायटोमेगॅलोच्या संसर्गानंतर एनकेजी2सी ग्राही असलेल्या एनके पेशी अशाच वाढलेल्या आढळतात. प्रत्यारोपणानंतर हा विषाणू डोके वर काढतो, तेव्हाही त्यांची संख्या वाढते.