प्रकाशजन्य चिरकारी त्वचाशोथ : बाह्योपचार

उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेला वर्षानुवर्षे येणारी खाज, लाली व जाड चट्टे. रुग्ण बहुधा पन्नाशीपुढचे, उघड्यावर काम करणारे पुरुष. अशा विकारांसाठी ही एकत्रित संज्ञा त्वचारोगतज्ज्ञ हॉक व मॅग्नस यांनी १९७९ मध्ये सुचवली.

भारतात या विकाराची चर्चा गाजर गवताशिवाय (काँग्रेस गवत) होत नाही. हे गवत १९५६ मध्ये पुण्यातून नोंदले गेले. ते अमेरिकी गव्हाबरोबर आले असे सांगतात. लोणकर, मिचेल व काल्नन यांनी १९७४ मध्ये त्यापासून होणाऱ्या त्वचाशोथावर लिहिले. गवतातील पार्थेनिन हे ॲलर्जीकारक द्रव्य हवेतील बारीक लव व धुळीबरोबर चेहऱ्यावर बसते. केवळ उन्हाचा त्रास असेल, तर हनुवटीखालची, कानामागची व वरच्या पापणीची त्वचा सहसा वाचते. गवताची बाधा तिथेही पोहोचते. हे रोग्याला उजेडात बसवून नुसत्या डोळ्यांनी पाहता येते, आणि पॅच चाचणीआधी (त्वचेवर पट्टी लावून करायची ॲलर्जीची चाचणी) पाहावेच. गवताच्या बाधेतून प्रकाशसंवेदिता उद्भवते का, याबाबत एकमत नाही.

स्टेरॉइड मलमे : भडका शमवण्यास प्रथम हीच. चेहऱ्यावर मोमेटासोनसारखे मलम, हातांवरील जाड चट्ट्यांवर क्लोबेटासोल, दोन्ही थोडे दिवस. तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकी पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. प्रौढाच्या चेहरा-मानेस अशा अडीच रेघा. दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने चोळल्यास त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात. मलम थांबवताच चेहरा पेटतो व रुग्ण पुन्हा तीच ट्यूब आणतो.

टॅक्रोलिमस : जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या जिवाणूपासून १९८४ मध्ये मिळाले. ते कॅल्सिन्यूरिन हे एन्झाइम रोखून टी-पेशींची चेतना थोपवते, पण स्टेरॉइडप्रमाणे त्वचा पातळ करत नाही; म्हणून चेहऱ्यावरील दीर्घ उपचारात त्याचे मोल मोठे. प्रौढांसाठी ०.१ टक्के मलम. सुरुवातीचे काही दिवस आग होते. हे आधी न सांगितल्यास रुग्ण औषध सोडतो. अमेरिकेत २००६ पासून वेष्टनावर कर्करोगविषयक इशारा आहे. कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. तरीही मलम लावले म्हणून उन्हात फिरण्याची मुभा मिळत नाही.

सनस्क्रीन : झिंक ऑक्साइडयुक्त बरे, कारण काहींना सनस्क्रीनमधील रसायनांचीच ॲलर्जी असते.

बाह्योपचार अपुरे पडल्यास पोटात घ्यायची औषधे : ॲझाथायोप्रीन इत्यादी.