जुन्या घरांचे पाडकाम (छत्रपती संभाजीनगर)

जुन्या घराचे पाडकाम म्हणजे धोकादायक झालेली, अथवा नव्या बांधकामासाठी हटवावयाची इमारत ठरावीक क्रमाने व शेजारच्या वास्तूंना धक्का न लावता उतरवणे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या जुन्या भागात हे काम विशेष जोखमीचे ठरते. गुलमंडी, औरंगपुरा, सिटी चौक, शहागंज, जुना बाजार, बेगमपुरा या वस्त्यांतील घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. अनेक ठिकाणी दोन घरांत एकच भिंत आहे आणि गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मोठे यंत्र आत शिरत नाही. अशा जागी घर पाडणे हे बांधण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, विचारपूर्वक करावे लागते.

पाडकामाच्या सुरक्षिततेविषयी भारतीय मानक ब्युरोची आयएस ४१३० ही संहिता असून तिची सध्याची आवृत्ती १९९१ची आहे. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ हिच्या सातव्या भागातही या विषयाचा समावेश आहे. इमारत ज्या क्रमाने उभी राहिली त्याच्या उलट क्रमाने ती खाली आणावी, हे या कामाचे मूलतत्त्व होय.

शहरातील जुन्या घरांची रचना

मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकी या गावाचे पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीच्या काळात औरंगाबाद झाले. जुन्या शहरातील आज उभी असलेली बहुसंख्य घरे त्या काळाइतकी जुनी नाहीत. मात्र त्यांची बांधणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पद्धतीची आहे. दगडी जोते, त्यावर दगड-मातीच्या किंवा विटा-चुन्याच्या जाड भिंती, आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर फळ्या किंवा किलचण आणि सर्वांत वर मातीचा थर, असे या घरांचे सर्वसाधारण स्वरूप असते. या मातीच्या छतास माळवद किंवा धाबे म्हणतात. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणतात आणि घराचा आकार खणांतच सांगण्याची रीत मराठवाड्यात होती.

माळवदाचे वजन पाडकाम करणाऱ्याने प्रथम लक्षात घ्यावयास हवे. शंभर चौरस फूट छतावर एक फूट जाडीची माती असेल, तर तिचे वजन साडेचार टनांच्या आसपास भरते. गळती थांबवण्यासाठी दर काही वर्षांनी नवी माती टाकली जात असल्याने हा थर वाढत जातो. पावसात भिजल्यावर तो आणखी जड होतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाच्या मातीखाली गाडली गेल्यामुळे. संभाजीनगरातील जुनी घरे त्याच कुळातील आहेत.

या रचनेत छताचा भार लाकडी खांब पेलतात आणि भिंत केवळ आडोसा असते, असा सर्वसाधारण समज आहे. घर नवे असताना तो बरोबर असतो. कालांतराने भिंतीत दडलेल्या खांबाचा बुडखा ओल आणि वाळवीने पोकळ होतो, तुळई हळूहळू भिंतीवर टेकते आणि भार घेण्यासाठी न बांधलेली भिंत तो घेऊ लागते. हा बदल बाहेरून दिसत नाही. अशा घरात ‘ही भिंत काढली तरी चालेल’ असे म्हणून सुरुवात करणे हे अपघाताचे मोठे कारण ठरते. म्हणून पाडकामापूर्वी प्रत्येक खांबाचा तळ उघडून, पहारीने टोचून पाहणे आवश्यक असते.

दुसरा प्रकार सिडकोच्या वसाहतींमधील घरांचा. १९७०च्या दशकापासून शहराच्या पूर्वेकडे सिडकोने बांधलेली ही छोटी, रांगेतली घरे विटांच्या भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब टाकलेली आहेत. अनेक घरांवर मागाहून मजले चढवलेले आहेत. त्यांतील धोका मातीच्या वजनाचा नसून गंजलेल्या सळयांचा आणि भिंतीबाहेर झुकलेल्या छज्जांचा असतो.

परवानगी आणि कागदपत्रे

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यातील ‘विकास’ या संज्ञेत अस्तित्वातील इमारत पाडणेही अंतर्भूत आहे. त्यामुळे स्वतःचे घर असले तरी ते पाडण्यापूर्वी महानगरपालिकेच्या नगररचना विभागाशी संपर्क साधणे अनिवार्य ठरते. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतांश भागात लागू झालेली एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली येथेही लागू आहे. मोडकळीस आलेल्या इमारतींबाबत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ अन्वये आयुक्त मालकास इमारत दुरुस्त करण्याची किंवा पाडण्याची नोटीस देऊ शकतात.

पाडण्याची घाई करणाऱ्या मालकाचे खरे नुकसान पुष्कळदा पाडल्यानंतर उघडकीस येते. विकास आराखड्यात समोरचा रस्ता रुंद दाखवला असेल, तर नवे घर त्या रेषेच्या आत घ्यावे लागते आणि आधीच लहान असलेला भूखंड आणखी लहान होतो. बेगमपुऱ्याच्या बाजूस प्रश्न अधिक गंभीर आहे. बीबी का मकबरा हे केंद्र संरक्षित स्मारक असून २०१०च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटरपर्यंतचे क्षेत्र विनियमित असते. प्रतिबंधित क्षेत्रात जुन्या घराच्या दुरुस्तीस परवानगी मिळू शकते. नव्या बांधकामास मात्र मिळत नाही. तेथे जुने घर पूर्ण पाडणाऱ्याच्या हाती केवळ मोकळी जागा उरण्याचा संभव असतो.

घर उभे असतानाच भूमापन करून घेणे हितावह असते. नगर भूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रक आणि प्रत्यक्ष भिंती यांचा मेळ पाडण्यापूर्वीच पाहता येतो. भिंत गेल्यावर हद्दीची सर्वांत जुनी खूणही जाते. घरात भाडेकरू असल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू होतो. नवी इमारत उभारण्यासाठी जागा परत मागता येते, परंतु ती न्यायालयामार्फत आणि नव्या इमारतीत भाडेकरूची सोय करण्याच्या अटीवर. वीज व पाणी तोडून भाडेकरूस बाहेर काढणे बेकायदा आहे.

सामाईक भिंत

जुन्या शहरातील पाडकामात वाद आणि अपघात या दोहोंचे मूळ बहुधा सामाईक भिंतीत असते. एकाच भिंतीत दोन्ही बाजूंच्या तुळयांची टोके बसवलेली असतात. एका बाजूचे घर गेले की भिंतीवरील दाब एकांगी होतो आणि ती मोकळ्या बाजूस कलू लागते. शिवाय आजवर छताखाली कोरडी राहिलेली तिची आतली बाजू प्रथमच पावसाला उघडी पडते. मातीत बांधलेली भिंत हा मारा एक पावसाळाही सहन करीलच असे नाही.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या कलम १५ नुसार शेजारच्या जमिनीचा किंवा बांधकामाचा आधार वीस वर्षे अखंडपणे व शांततेने मिळत आला असेल, तर तो आधार हा हक्क बनतो. ‘माझ्या जागेत मी काहीही करीन’ ही भूमिका येथे टिकत नाही.

व्यवहारात पुढील रीत चांगली ठरते. काम सुरू होण्यापूर्वी दोन्ही शेजाऱ्यांच्या समक्ष त्यांच्या घरातील भेगांची छायाचित्रे तारखेसह घ्यावीत व भेगांवर खुणा कराव्यात. याने शेजाऱ्याचे जितके रक्षण होते तितकेच मालकाचेही होते. जुन्या भेगेची भरपाई मागितली जात नाही. सामाईक भिंत सर्वांत शेवटी हाताळावी, तिला तिरके टेकू द्यावेत आणि शेजारच्या तुळईच्या टोकाभोवतीचे दगड हलवू नयेत. भिंतीचा माथा चुन्याने किंवा सिमेंटने बंद करून उघडी बाजू ताडपत्रीने झाकावी. नवा पाया खणताना शेजारच्या जोत्याच्या खाली जावे लागत असेल, तर लांबच लांब चर एकदम न खोदता तुकड्या-तुकड्याने खोदून भरत जावे.

पाडकामाचा क्रम

काम सुरू करण्याआधी महावितरणकडून वीजजोडणी अधिकृतपणे तोडून घेतली जाते. केवळ मुख्य बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण खांबावरून आलेली तार जिवंतच राहते. गल्लीच्या बाजूस पत्र्यांचा आडोसा उभारून रात्री लाल दिवा लावला जातो.

प्रथम काचा, पंखे, नळ व सुटे सामान निघते. येथेच एक चूक नेहमी होते. जुन्या सागवानाला चांगली किंमत येत असल्याने लाकूड घेणारे व्यापारी दारांच्या चौकटी आधी काढून मागतात. दाराची फळी काढण्यास हरकत नाही. पण जुन्या भिंतीत चौकटीवरच वरच्या बांधकामाचा भार असतो. चौकट निघाली की वरची भिंत अधांतरी होते आणि तिच्याखालूनच मजुरांची ये-जा चालू असते. छत व वरची भिंत उतरेपर्यंत चौकटी जागेवरच राहिल्या पाहिजेत.

त्यानंतर माळवदाची माती उतरवतात. ती दोन्ही बाजूंनी सारखी काढावी लागते. एकाच कडेची माती काढल्यास खांबांवरील तोल बिघडतो. मजुरांनी किलचणावर उभे न राहता तुळयांवर आडव्या टाकलेल्या भक्कम फळ्यांवर उभे राहावे. माती घमेल्यांनी अथवा घसरणीने थेट बाहेर न्यावी. खालच्या मजल्यावर तिचा ढीग करणे म्हणजे छताचे वजन एका कुजक्या छतावरून दुसऱ्यावर ठेवणे होय. माती गेल्यावर फळ्या, कड्या आणि मग तुळया दोरांनी उतरवतात. भिंती वरून खाली, थराथराने काढतात. दिवस संपताना कोणतीही उंच भिंत एकटी, टेकूविना उभी ठेवत नाहीत. छज्जा किंवा सज्जा असलेल्या घरात त्यावरील भिंत ही त्याचे उलटे वजन असते. भिंत आधी काढली तर छज्जा खाली येतो. म्हणून छज्ज्याला खालून टेकू देऊन तो आधी तोडतात.

धुळीसाठी पाणी मारणे गरजेचे असते, परंतु ते उतरलेल्या मलब्यावर. उभ्या मातीच्या भिंतीवर नळी सोडल्यास ती भिंत स्वतःच्या वजनाने ढासळू शकते. याच कारणाने असे काम दिवाळीनंतर सुरू करून पावसाळ्याच्या बऱ्याच आधी संपवणे श्रेयस्कर.

जेसीबीसारखे यंत्र सुटे उभे असलेले, चहूबाजूंनी मोकळे घर पाडण्यास उपयुक्त आहे. खेटून असलेल्या घरात त्याचा धक्का तुळईतून थेट शेजारच्या भिंतीत जातो. अशा ठिकाणी यंत्राचा उपयोग मलबा भरण्यापुरता ठेवणे योग्य, मग चार दिवस जास्त लागले तरी चालतील.

अर्धवट पाडकाम

रस्तारुंदीकरणात घराचा दर्शनी भाग कापला जातो आणि मागचा भाग वापरात राहतो. शहरात अशा मोहिमा वेळोवेळी झाल्या आहेत. जून २०२५ मध्ये मुकुंदवाडी परिसरात आणि त्यानंतर इतर प्रमुख रस्त्यांवर मोठी कारवाई झाली. ११ मे २०२२ रोजी लेबर कॉलनीतील ३३८ जुनी शासकीय घरे पाडण्यात आली, ती मात्र संपूर्ण पाडकामाची घटना होय. तांत्रिकदृष्ट्या अर्धे घर पाडणे पूर्ण घर पाडण्यापेक्षा कठीण असते. दर्शनी खण गेल्यावर उरलेल्या तुळयांचे एक टोक निराधार होते, स्लॅबच्या घरात कापलेल्या सळया उघड्या पडून गंजू लागतात. उरलेल्या भागात राहण्यापूर्वी संरचना अभियंत्याकडून तपासणी व कापलेल्या कडेस नवा आधार आवश्यक असतो.

मजूर

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ यातील बांधकामाच्या व्याख्येत पाडकामही येत असे. १८ ते ६० वयोगटातील आणि मागील वर्षात किमान ९० दिवस काम केलेल्या कामगारास राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. प्रत्यक्षात पाडकामाचा ठेका अनेकदा उलट दिला जातो: ठेकेदार मालकाला पैसे देतो आणि लाकूड, लोखंड, दगड स्वतः नेतो. मालकास हा सौदा फायद्याचा वाटतो. परंतु यात ठेकेदाराचा नफा वेगावर आणि लाकूड आधी काढण्यावर अवलंबून राहतो, आणि त्याची जोखीम मजूर उचलतो. करारात कामाचा क्रम, शिरस्त्राण, मजुरांचा विमा व शेजाऱ्यांची भरपाई यांचा उल्लेख असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात व ते फुप्फुसांस घातक आहेत. हे पत्रे फोडू नयेत. भिजवून अखंड उतरवावेत.

मलबा

२०१६च्या नियमांनी बांधकाम व पाडकामाचा कचरा इतर कचऱ्यापासून वेगळा ठेवणे बंधनकारक केले. खाम नदीच्या काठी किंवा नाल्यात मलबा टाकणे हा अपराध तर आहेच, शिवाय पावसाळ्यात सखल वस्त्यांत पाणी शिरण्याचे ते एक कारण आहे. काळा दगड नव्या जोत्यात, डबर भरावात, सागवान नव्या दारांत पुन्हा वापरता येते.

जमिनीखालील भाग

जोते उकरताना जुना आड, तळघर किंवा शोषखड्डा लागू शकतो. बंद खड्ड्यात विषारी वायू साचत असल्याने त्यात माणूस उतरवू नये. शहरात नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येत असल्यामुळे बहुतेक घरांत अंगणाखाली हौद असतो. त्याच्या छतावर यंत्र किंवा मलब्याचा ढीग आल्यास ते कोसळते. हौद आधी शोधून रिकामा करून भरून घेतात. काही भागांत मलिक अंबरच्या काळातील नहर-ए-अंबरीचे भूमिगत मार्ग व खापरी नळही आढळण्याची शक्यता असते. असे अवशेष दिसल्यास खोदकाम थांबवून पुरातत्त्व विभागास कळवणे योग्य ठरते.

भिंतीत वा जमिनीत पुरलेले धन सापडल्यास भारतीय गुप्तधन अधिनियम, १८७८ लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मूल्याचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवणे बंधनकारक आहे. १८७८ साली ठरवलेली ही दहा रुपयांची मर्यादा कायद्यात आजही तशीच आहे.