गाडीची बॅटरी बदलताय? आधी तपासणी करा, मग खरेदी. आणि वॉरंटी कार्ड दुकानातच भरून घ्या

चावी फिरवली की नुसता ‘टक-टक’ आवाज, डॅशबोर्डवरचे दिवे मंद, गाडी सेल्फच घेत नाही. रात्री-अपरात्री पेशंट तालुक्याला न्यायचा असेल तर अशा वेळी काय हाल होतात, हे गावातल्या प्रत्येक गाडीवाल्याला माहीत आहे. मग दुसऱ्या दिवशी घाईघाईत जी मिळेल ती बॅटरी बसवली जाते. बिल घ्यायचे राहते, वॉरंटी कार्ड कोरेच राहते आणि दीड वर्षाने बॅटरी बसली की पुन्हा पूर्ण पैसे मोजावे लागतात. बॅटरी घेताना आपण वॉरंटीचेही पैसे देत असतो. ती वॉरंटी कामी येणार की नाही, हे बहुतेक वेळा खरेदीच्या दिवशीच ठरते. म्हणून बॅटरी बदलण्यापूर्वी आणि बदलताना काय पाहायचे, याची ही माहिती.

दोष खरंच बॅटरीचा आहे का?

गाडी सेल्फ घेत नाही म्हणजे बॅटरी गेलीच, असे नाही. कारणे चार असू शकतात: बॅटरी खराब, बॅटरी फक्त उतरलेली, टर्मिनल सैल किंवा थर चढलेले, आणि गाडीचा अल्टरनेटर (ज्याला मेकॅनिक डायनामो म्हणतात) चार्जिंग देत नसणे. चौथे कारण असेल तर नवी बॅटरीसुद्धा चार दिवसांत उतरते आणि पैसे पाण्यात जातात.

तपासणी सोपी आहे. कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मल्टिमीटर असतो. गाडी काही तास बंद ठेवून मग व्होल्टेज मोजायचे:

- १२.६ व्होल्ट किंवा जास्त: बॅटरी पूर्ण चार्ज
- १२.४ च्या आसपास: साधारण पाऊण चार्ज
- १२.२ च्या आसपास: अर्धी चार्ज
- १२ च्या खाली: उतरलेली
- सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरले: बॅटरी उतरलेली किंवा कमजोर, पूर्ण चार्ज करूनही तसेच होत असेल तर कमजोरच
- इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान: चार्जिंग व्यवस्थित

इंजिन चालू असतानाही आकडा १२.५ च्या पुढे जात नसेल, तर आधी डायनामो, त्याचा पट्टा आणि वायरिंग दाखवा. उलट १५ च्या वर जात असेल तर जास्त चार्जिंगमुळे बॅटरी उकळते आणि लवकर मरते. दोन्ही बाबतींत नुसती बॅटरी बदलून उपयोग नाही.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर वायरी काढून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून जुन्या ब्रशने तो साफ करा. कोरडे करून घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. अनेकदा गाडी एवढ्यावरच सुरू होते.

बॅटरी किती वर्षे टिकते?

साधारण तीन ते पाच वर्षे. आपल्याकडच्या उन्हाळ्याचा तिच्यावर मोठा परिणाम होतो. थंडीत सेल्फ जड जातो म्हणून बॅटरी हिवाळ्यात गेल्यासारखी वाटते, पण तिचे खरे नुकसान एप्रिल-मेच्या उन्हात झालेले असते. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणे आणि रोज फक्त दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणे, यानेही बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. गाडी उभी राहणारच असेल तर आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास रस्त्यावर फिरवावी.

आणखी एक गोष्ट. गाडीची बॅटरी काढून शेतातल्या झटका मशीनला, लाइटला किंवा साउंडला जोडणे गावाकडे नेहमीचे आहे. पण गाडीची बॅटरी दोन-चार सेकंद मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते. ती रात्रभर हळूहळू उतरवली तर आतल्या पातळ प्लेटा लवकर खराब होतात. शिवाय असा वापर उघड झाला तर वॉरंटीही जाते. त्या कामासाठी सोलर किंवा इन्व्हर्टरची वेगळी बॅटरी येते.

नवी बॅटरी निवडताना

जुन्या बॅटरीवरचा पूर्ण मॉडेल नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या. त्यात चार गोष्टी जुळल्या पाहिजेत.

१. एएच (अँपिअर-तास): छोट्या पेट्रोल गाडीला साधारण ३५ एएच, मोठ्या डिझेल गाडीला ६० ते ८० एएच लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

२. आकार: बॅटरी ट्रेमध्ये नीट बसली पाहिजे आणि वरची पट्टी आवळली गेली पाहिजे. सैल बॅटरी खडबडीत रस्त्यावर हादरून आतून तुटते.

३. टर्मिनलची बाजू: मॉडेल नंबरच्या शेवटी ‘एल’ किंवा ‘आर’ असते. उलटी बाजू आली तर वायर पोहोचत नाही आणि ओढूनताणून बसवली तर शॉर्टचा धोका राहतो.

४. प्रकार: सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांना ‘ईएफबी’ किंवा ‘एजीएम’ प्रकारची बॅटरी लागते. तिथे साधी बॅटरी बसवली तर ती फार काळ टिकत नाही.

मोठी बॅटरी बसवावी का?

‘जास्त एएचची बॅटरी टाकली की वायरिंग जळते’ हा गैरसमज आहे. दिवा असो की सेल्फ, तो आपल्याला हवा तेवढाच करंट ओढतो. ट्रेमध्ये बसत असेल तर थोडी मोठी बॅटरी चालते. पण फायदाही बेताचाच आहे. दिवे, साउंड सगळे साधेच असेल तर कंपनीने सांगितलेली बॅटरी पुरते. जादा दिवे किंवा मोठा अँप्लिफायर लावला असेल तर बॅटरीपेक्षा स्वतंत्र फ्यूज आणि रिले महत्त्वाचे. गाडी अजून कंपनीच्या वॉरंटीत असेल तर वायर कापून जोडलेल्या वस्तूंमुळे इलेक्ट्रिकल भागांचा दावा नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे बदल करण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

वॉरंटीचे ‘२४+२४’ म्हणजे काय?

बॅटरीवर मोठ्या अक्षरात ‘४८ महिने वॉरंटी’ लिहिलेले असते. पण अनेक बॅटऱ्यांत तिचे दोन भाग असतात. उदाहरणार्थ २४+२४ असेल, तर पहिल्या २४ महिन्यांत दोष निघाला तर बॅटरी मोफत बदलून मिळते. पुढच्या २४ महिन्यांत नव्या बॅटरीवर फक्त ठरावीक टक्के सूट मिळते. यालाच ‘प्रो-राटा’ म्हणतात. जसजसे महिने सरतात, तसतशी सूट कमी होते.

इथेच हिशेब करायला हवा. ही सूट सहसा छापील किमतीवर, म्हणजे एमआरपीवर धरतात आणि जुनी बॅटरी कंपनी ठेवून घेते. समजा एमआरपी ६,००० रुपये आहे आणि सूट ३० टक्के मिळाली, तर ४,२०० रुपये भरावे लागतील. तीच बॅटरी बाजारात जुनी देऊन ४,४०० ला मिळत असेल, तर प्रो-राटाचा खरा फायदा फक्त २०० रुपये. म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना एकूण महिने नव्हे, मोफत बदलीचे महिने बघा. ३६+० वाली बॅटरी कधीकधी २४+२४ पेक्षा परवडते.

दुसरी गोष्ट: वॉरंटीत बदलून मिळालेल्या बॅटरीला बहुतेक ठिकाणी नवी वॉरंटी मिळत नाही. पहिल्या खरेदीपासून जेवढे महिने उरले असतील, तेवढेच लागू राहतात.

तिसरी गोष्ट: वॉरंटी बहुधा खासगी वापरासाठी असते. टॅक्सी, काळी-पिवळी, छोटा हत्ती अशा पिवळ्या नंबर प्लेटच्या गाड्यांना मुदत कमी असू शकते. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात ते लिहिलेले असते. पैसे देण्याआधीच दुकानदाराकडून वाचून घ्या.

दुकानातून निघण्याआधी हे तपासा

- जीएसटीचे पक्के बिल. त्यावर मॉडेल आणि बॅटरीचा सिरियल नंबर लिहिलेला हवा.
- वॉरंटी कार्डवर विक्रीची तारीख, गाडीचा नंबर, सिरियल नंबर आणि दुकानाचा शिक्का-सही.
- कार्डवरचा आणि बॅटरीवरचा सिरियल नंबर एकच आहे का, हे स्वतः पाहा.
- मोबाइलवर नोंदणी होत असेल तर ती तिथेच करून घ्या. नोंदणी आपल्या नंबरवर झाली पाहिजे, दुकानदाराच्या नाही.
- बिल, कार्ड आणि बॅटरीवरचा नंबर या तिन्हींचे फोटो. कागद पावसात भिजतो, शाई उडते, फोटो राहतो.
- बॅटरी कधी बनली, हे दुकानदाराला विचारा. दुकानात पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते. सहा महिन्यांहून जुनी असेल तर दुसरी मागा.

‘बिलाशिवाय घ्या, टॅक्स वाचेल’ असे कोणी म्हणाले तर लक्षात ठेवा: गाडीच्या नेहमीच्या बॅटरीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. थोडक्यासाठी वॉरंटी आणि तक्रारीचा हक्क दोन्ही गमावणे परवडणारे नाही.

वॉरंटी कशाने जाते?

बॅटरीचे खोके फुटलेले किंवा उघडलेले, सिरियल नंबर खोडलेला, बाहेरून ॲसिड टाकलेले, चुकीच्या गाडीला बसवलेली, डायनामोच्या दोषामुळे खराब झालेली, अशा बॅटरीचा दावा सहसा नाकारतात. नुसती उतरलेली बॅटरी हा दोष धरत नाहीत. ती चार्ज करून परत देतात.

पाणी टाकायच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. बोअरचे, फिल्टरचे किंवा उकळलेले पाणी चालत नाही, कारण त्यातले क्षार प्लेटा खराब करतात. ॲसिड तर कधीच वाढवू नका.

दावा करताना

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला बॅटरी चार्ज करून तपासायला एक-दोन दिवस लागू शकतात. बॅटरी ठेवून येताना सिरियल नंबर आणि तारीख लिहिलेली पावती घ्या. तोवर वापरायला दुसरी बॅटरी मिळते का, तेही विचारा. दावा नाकारला तर कारण लेखी मागा.

तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो, त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती करावी लागते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचे शुल्क नाही. पण तिथेही पहिला कागद मागतात तो बिलाचाच.

स्वतः बदलणार असाल तर

१. गाडी, दिवे, सगळे बंद करा. बिडी-सिगारेट, काडीपेटी लांब ठेवा. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.
२. आधी वजा (-) टर्मिनल काढा, मग अधिक (+). बसवताना उलट: आधी अधिक, शेवटी वजा. वजा जोडलेले असताना अधिक आवळताना पाना बॉडीला लागला की मोठी ठिणगी पडते.
३. बॅटरी सरळ उचला, आडवी करू नका.
४. पट्टी आवळा, टर्मिनल हाताने हलवून पाहा.
५. इंजिन चालू करून चार्जिंग व्होल्टेज मोजून घ्या.

ॲसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर किमान पंधरा मिनिटे पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे जा.

तात्पुरते जंप करायचे असेल तर ट्रॅक्टर किंवा दुसऱ्या गाडीची १२ व्होल्टची बॅटरी चालते. मोठ्या ट्रकची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते. तिच्यावरून जंप केले तर गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो.

जुन्या बॅटरीचे काय?

ती भंगारात किंवा उकिरड्यावर टाकू नका. आतले शिसे आणि ॲसिड माती-विहिरीत उतरते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता वेगळी देणे ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे. दुकानदार जुन्या बॅटरीचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा करतो, त्यामुळे दोन-तीन दुकानांत विचारूनच सौदा करा. ती वजावट बिलावरही लिहून घ्या.