हरल्यानंतरचे मिखेल्स

रीनस मिखेल्स यांच्या नावावर खेळाडू म्हणून पाच आंतरराष्ट्रीय सामने आहेत. पहिला ८ जून १९५० रोजी स्वीडनविरुद्ध झाला आणि नेदरलँड्स तो ४-१ असा हरलं. शेवटचा १९५४ मधला. पाचही सामन्यांत हार झाली आणि पाचांपैकी एकातही मिखेल्स यांचा गोल नाही. याच माणसाला १९९९ मध्ये फिफाने शतकातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं. हे दोन कागद शेजारी ठेवले की सामान्य खेळाडू आणि असामान्य प्रशिक्षक अशी सोपी गोष्ट आपोआप तयार होते. पुरावा मात्र तिला सहज दुजोरा देत नाही.

क्लबची नोंद वेगळंच सांगते. ९ जून १९४६ रोजी अठरा वर्षांचे मिखेल्स अयाक्सकडून पहिल्यांदा उतरले. समोर हेगचा एडीओ संघ होता. अयाक्सने ८-३ असा विजय मिळवला आणि त्या आठांतले पाच गोल मिखेल्स यांचे होते. १९४७ आणि १९५७ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या खात्यावर आहेत. पाठीच्या दुखण्यामुळे १९५८ मध्ये खेळ थांबला, तोवर त्यांच्या लीगमधल्या गोलांची संख्या १२० च्या पुढे गेली होती. हा सामान्य आघाडीवीराचा हिशेब नव्हे.

मग देशाच्या जर्सीत गोल का नाही? उत्तराचा काही भाग नियमात सापडतो. १९५४ पर्यंत डच फुटबॉल संघटनेला पैसे घेऊन खेळणं मान्य नव्हतं. फास विल्केससारखे उत्तम खेळाडू इटली-फ्रान्समध्ये व्यावसायिक झाले आणि राष्ट्रीय संघाचं दार त्यांना बंद झालं. ते किती चांगले होते याचाही पुरावा आहे. १९५३ च्या महापुरानंतर मदतनिधीसाठी या परदेशस्थ डच व्यावसायिकांनी १२ मार्चला पॅरिसमध्ये सामना खेळला आणि फ्रान्सला २-१ असं हरवलं. मिखेल्स ज्या राष्ट्रीय संघात होते, तो हे खेळाडू वगळून उरलेला संघ होता. त्या पाच पराभवांवरून त्या काळच्या संघटनेबद्दल बरंच कळतं, मिखेल्स यांच्याबद्दल फारच थोडं. एवढं सांभाळून पुढे जाऊ.

प्रशिक्षक मिखेल्स यांच्याकडे वळताच पहिला प्रश्न श्रेयाचा येतो. खेळाडूंनी आपापसांत जागा बदलत खेळण्याच्या ज्या पद्धतीला जग ‘टोटल फुटबॉल’ म्हणतं, ती त्यांनी घडवली असं मानलं जातं. तारखा तपासल्या की आधीची माणसं दिसू लागतात. १९४६ मध्ये मिखेल्स यांना संधी मिळाली तेव्हा अयाक्सचे प्रशिक्षक होते जॅक रेनॉल्ड्स. हे इंग्रज गृहस्थ १९१५ पासून, मधले खंड सोडले तर, या क्लबची घडण करत होते. १९६४ मध्ये अयाक्सकडे दुसऱ्यांदा आलेले व्हिक बकिंगहॅम हेही इंग्रजच. योहान क्रायफचा पहिला लीग सामना १५ नोव्हेंबर १९६४ चा, ग्रोनिंगेनमधला. अयाक्स तो ३-१ असा हरलं आणि अयाक्सचा एकुलता गोल क्रायफचा होता. त्या दिवशी संघ निवडणारे बकिंगहॅम होते. मिखेल्स आले ते जानेवारी १९६५ मध्ये. क्रायफला संघात आणण्याचं श्रेय त्यामुळे त्यांच्याकडे जात नाही. पीट काइझर आणि श्याक स्वार्टही आधीपासून तिथे होतेच.

मिखेल्स यांचा स्वतःचा अनुभव तोवर जेओएस आणि एएफसी या अ‍ॅमस्टरडॅममधल्या हौशी क्लबांपुरता होता. पोटापाण्यासाठी ते शाळेत व्यायामशिक्षक होते. त्यांच्या हाताखालच्या पहिल्याच सामन्यात अयाक्सने एमव्हीव्हीला ९-३ असं लोळवलं. हा आकडा मोहात पाडणारा आहे, पण एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नये. त्या मोसमाच्या अखेरच्या गुणतक्त्यात अयाक्स सोळा संघांत तेराव्या क्रमांकावर आहे. पुढच्याच मोसमाच्या तक्त्यात तोच क्लब पहिला.

या दोन तक्त्यांच्या मधल्या उन्हाळ्यात काय घडलं? निश्चित ते एवढं, की गोलरक्षक गर्ट बाल्स पीएसव्हीकडून आला आणि हेंक ग्रोट फेयेनूर्दहून परतला. यॅप फान प्राग १९६४ पासून अध्यक्ष होते आणि क्लबमागे पैसा उभा राहत होता. नोकरी सांभाळून फुटबॉल खेळणाऱ्यांचा हा संघ मिखेल्स यांच्या काळात पूर्णवेळ व्यावसायिक होत गेला. या तिन्हींत कशाचा वाटा किती, हा तर्काचा भाग. सराव बदलला, पैसा आला आणि गोलरक्षकही बदलला. एकाच वर्षात घडलेल्या गोष्टींची वाटणी गुणतक्ता करून देत नाही.

यानंतरचा पुरावा धुक्यातला आहे, अगदी शब्दशः. ७ डिसेंबर १९६६ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिक स्टेडियमवर अयाक्सने लिव्हरपूलला ५-१ असं हरवलं. धुकं इतकं दाट होतं, की प्रेक्षकांपैकी अनेकांना गोल दिसले नाहीत, आवाजावरून समजले. लिव्हरपूलचे प्रशिक्षक बिल शँक्ली यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की खेळ चालू असताना ते मैदानात शिरले, आपल्या खेळाडूंशी बोलून आले आणि पंचांना पत्ताही लागला नाही. पंच होते इटलीचे आंतोनियो स्बार्देल्ला. म्हणजे मैदानातल्या अधिकृत साक्षीदारालाही सगळं दिसत नव्हतं. अशा सामन्याच्या निकालावर किती विसंबायचं? शँक्ली यांनी तो मानलाच नाही. घरच्या मैदानावर आपण सात गोल करू असं त्यांनी जाहीर केलं. सुदैवाने आपल्याकडे दुसरा कागद आहे. १४ डिसेंबरला अ‍ॅनफिल्डवर परतीचा सामना २-२ असा सुटला आणि अयाक्सचे दोन्ही गोल क्रायफने केले. धुक्यातल्या ५-१ ची खातरजमा अ‍ॅनफिल्डच्या २-२ ने होते.

त्याच मोसमात अयाक्सने लीगच्या ३४ सामन्यांत १२२ गोल केले. तो डच विक्रम अजून मोडलेला नाही. पण मिखेल्स यांची स्वतंत्र सही शोधायची तर या १२२ गोलांकडे पाठ फिरवावी लागते. मार्च १९६७ मध्ये युरोपीय चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत प्रागच्या दुक्ला संघाने अयाक्सला बाहेर काढलं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १-१, प्रागमध्ये १-२. प्रागमधला निर्णायक गोल अयाक्सच्या फ्रिट्स सूटेकाऊचा स्वयंगोल होता. पुढच्या मोसमाची संघयादी पाहा. सूटेकाऊ पीएसव्हीकडे गेलेला आहे आणि बचावाचा केंद्रबिंदू झालाय तो वेलिबोर वासोविच. हा सर्बियन बचावपटू १९६६ च्या युरोपीय अंतिम सामन्यात पार्टिझानकडून रेआल माद्रिदविरुद्ध गोल करून आलेला होता.

एका बदलाला योगायोग म्हणता येईल. म्हणून दुसरी जोडी तपासू, कारण तिथे दोन्ही याद्या पूर्ण हाताशी आहेत. २८ मे १९६९ रोजी माद्रिदमध्ये अयाक्स युरोपीय चषकाचा अंतिम सामना एसी मिलानकडून ४-१ असा हरलं. पिएरिनो प्रातीने तीन गोल केले. २ जून १९७१ रोजी वेम्बलीवर अयाक्सने पानाथिनाइकोसला २-० असं हरवून तोच चषक जिंकला. दोन्ही सामन्यांचे सुरुवातीचे अकरा एकाखाली एक लिहिले की सहा नावं समान निघतात: सूरबीर, हुल्सहॉफ, वासोविच, स्वार्ट, क्रायफ, काइझर. पुढच्या फळीतले तिघे प्रसिद्ध खेळाडू जागच्या जागी आहेत. बदललंय ते मुख्यतः मागे आणि मध्ये: गोलरक्षक बाल्सच्या जागी स्टाय, मधल्या फळीत प्रोंक आणि ग्रोट यांच्या जागी राइंडर्स आणि म्यूरन, डाव्या बचावातला फान डाउव्हेनबोडे गायब. उजव्या बगलेवर नेस्केन्स खेळतोय, कारण क्रोलचा पाय मोडला होता. माद्रिदमधल्या चार गोलांची कारणं मिखेल्स यांनी कुठे शोधली, ते या यादीतून वाचता येतं.

विरुद्ध पुरावाही नोंदवला पाहिजे. फान डाउव्हेनबोडेला अयाक्सने त्या पराभवानंतर सोडलं. तो फेयेनूर्दला गेला आणि मे १९७० मध्ये, अयाक्सच्या एक वर्ष आधी, युरोपीय चषक जिंकून बसला. तेव्हा प्रत्येक बदल अचूक होता, असं म्हणता येत नाही. शिवाय वेम्बलीवरच्या दुसऱ्या गोलाची नोंदही एकसारखी नाही. अयाक्सच्या हानचा फटका पानाथिनाइकोसच्या कापसिसला लागून आत गेला. काही याद्यांत गोल हानचा आहे, काहींत कापसिसचा स्वयंगोल.

त्या विजयानंतर मिखेल्स बार्सिलोनाला गेले, आणि तिथेही ते व्हिक बकिंगहॅम यांच्याच जागी बसले. इकडे अयाक्सने १९७२ आणि १९७३ चे युरोपीय चषक श्तेफान कोवाच यांच्या हाताखाली जिंकले. एका बाजूने आधीच्याचं श्रेय, दुसऱ्या बाजूने नंतरच्याचं. यांच्यामधून मिखेल्स यांचा हिस्सा वेगळा काढणं अवघड आहे. १९७४ मध्ये बार्सिलोनाने चौदा वर्षांनी लीग जिंकली, पण तेव्हा संघात क्रायफ होता.

१९७४ च्या विश्वचषकाची कहाणीही अशीच सुरू होते. नेदरलँड्सला पात्र ठरवलं ते फ्रांतिशेक फाद्रहोन्क यांनी, आणि तेही जेमतेम. १८ नोव्हेंबर १९७३ रोजी बेल्जियमचा अखेरच्या क्षणांतला गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला आणि सामना ०-० असा सुटला. चित्रफीत पाहिली तर तो ऑफसाइड दिसत नाही. फाद्रहोन्क साहाय्यक झाले आणि सूत्रं मिखेल्स यांच्याकडे आली. स्पर्धेआधी त्यांना मिळाले फक्त तीन सामने: ऑस्ट्रियाशी १-१, अर्जेंटिनावर ४-१, रुमानियाशी ०-०. बार्सिलोनाची जबाबदारीही सुटली नव्हती. २९ जूनला स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात बार्सिलोना रेआल माद्रिदकडून ०-४ हरलं आणि ३० जूनला नेदरलँड्सने पूर्व जर्मनीला २-० हरवलं.

तीन सामन्यांत नवी खेळपद्धती शोधून काढली, असं मानणं कठीण आहे. यादीतून दिसतं ते वेगळं. हुल्सहॉफ जखमी असल्याने बचावाच्या मध्यभागी मिखेल्स यांनी हान या मधल्या फळीतल्या खेळाडूला उभं केलं. त्याच्या शेजारी फेयेनूर्दचा रायसबर्गन, नुकताच राष्ट्रीय संघात आलेला. गोलमध्ये ३३ वर्षांचा यान योंगब्लूट, ज्याचा त्या वर्षापूर्वीचा एकमेव आंतरराष्ट्रीय सामना १९६२ चा. या जुळवाजुळव केलेल्या बचावाने अंतिम फेरीआधीच्या सहा सामन्यांत एकच गोल खाल्ला, आणि तोही बल्गेरियाविरुद्ध क्रोलचा स्वयंगोल. गोल केले चौदा. ७ जुलैला म्युनिकमध्ये जर्मन पाय चेंडूला लागण्यापूर्वीच पेनल्टी मिळाली. त्याआधी किती पास झाले याचे आकडे मोजणाऱ्यागणिक बदलतात, चित्रफीत सर्वांसमोर असूनही. निकालाबद्दल मात्र मतभेद नाही: पश्चिम जर्मनी २, नेदरलँड्स १.

या पराभवाची दुरुस्ती कागदावर यायला चौदा वर्षं लागली. मधल्या काळातला एक दस्तऐवज तर अधिकृतरीत्या रद्दच झालेला आहे. २८ ऑक्टोबर १९८७ रोजी पुन्हा मिखेल्स यांच्या हाताखाली आलेल्या नेदरलँड्सने सायप्रसला ८-० असं हरवलं, त्यांतले पाच गोल यॉन बॉसमनचे. पण सामन्याच्या सुरुवातीलाच मैदानात फेकलेल्या स्फोटकामुळे तो सामना बाद ठरला. डिसेंबरमध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये तो पुन्हा खेळवला, ४-०, आणि युरो १९८८ चं तिकीट पक्कं झालं.

१२ जून १९८८ रोजी कोलोनमध्ये नेदरलँड्स सोव्हिएत संघाकडून ०-१ हरलं. त्या दिवशी आघाडीवर बॉसमन होता आणि मार्को फान बास्टेन राखीव बाकावर. तीन दिवसांनी इंग्लंडविरुद्धच्या यादीत फान बास्टेन सुरुवातीपासून आहे: तीन गोल, ३-१ विजय. मग आयर्लंडवर १-०, हॅम्बुर्गमध्ये पश्चिम जर्मनीवर २-१ आणि २५ जूनला म्युनिकच्या त्याच स्टेडियमवर सोव्हिएत संघावर २-०.   

आता हिशेब मांडता येतो. टोटल फुटबॉल मिखेल्स यांचं, हा दावा याद्या आणि निकाल सिद्ध करू शकत नाहीत. रेनॉल्ड्स, बकिंगहॅम, फाद्रहोन्क यांचे हात त्यात सर्वत्र दिसतात. सिद्ध होतं ते याहून लहान आणि पक्कं आहे. प्राग, माद्रिद, कोलोन: तिन्ही पराभवांनंतरच्या याद्यांत नेमका बदल आहे, आणि त्यानंतर संघ पुढे गेलेला आहे.

शेवटची नोंद या साच्यात बसत नाही. २२ जून १९९२ रोजी गोथेनबर्गमध्ये युरोच्या उपांत्य फेरीत नेदरलँड्स डेन्मार्ककडून पेनल्टींवर बाहेर पडलं. फान बास्टेनची पेनल्टी अडवली गेली. सामन्यांच्या नोंदींच्या नियमाप्रमाणे हा सामना २-२ अशी बरोबरी म्हणून धरला जातो. मिखेल्स यांच्या खात्यावर अखेरचा पराभव म्हणून तो लागतच नाही, आणि त्याचं उत्तर देणारी यादीही नाही, कारण त्यानंतर त्यांनी कोणताही संघ निवडला नाही.