फादर तिस्सा बालसूर्य आणि आद्य पापाचा प्रश्न

सिंहलद्वीपाच्या इतिहासात तिस्स हे नाव आदराचे आहे. थेर महिंदांचे स्वागत करणारा राजा देवानंपिय तिस्स हा होय. तेच नाव धारण करणाऱ्या श्रीलंकेतील एका कॅथलिक धर्मगुरूस २ जानेवारी १९९७ रोजी रोमने धर्मबहिष्कृत केले. या प्रकरणातील एक प्रश्न बौद्ध अभ्यासकास परका वाटू नये. बाप्तिस्मा न घेतलेला शेजारी जन्मतःच ईश्वरापासून दुरावलेला असतो काय?

फादर तिस्सा बालसूर्य (१९२४–२०१३) हे ओब्लेट धर्मसंघाचे सदस्य होते. कोलंबोतील एका कॅथलिक उच्चशिक्षण संस्थेचे प्रमुखपद सोडून त्यांनी १९७१ साली 'समाज आणि धर्म केंद्र' स्थापन केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लंकेतील तरुणांचे सशस्त्र बंड झाले होते व ते निर्घृणपणे चिरडले गेले होते. अशा देशात उपासना आणि सामाजिक न्याय यांची फारकत त्यांना अमान्य होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) या दिशेने दार उघडलेच होते. २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात बौद्ध धर्माचा नामनिर्देश आहे, आणि अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, असेही त्यात म्हटले आहे.

बालसूर्य एकटे नव्हते. बौद्ध तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळविलेले येशूसंघीय धर्मगुरू अलॉयशियस पिएरिस यांनी १९७४ साली केलानिय येथे 'तुलना' हे संशोधन केंद्र काढले. बुत्तल येथे बौद्ध शेतकऱ्यांमध्ये राहणारे फादर मायकेल रॉड्रिगो यांची १० नोव्हेंबर १९८७ रोजी गोळी घालून हत्या झाली.

१९९० मध्ये बालसूर्यांचा 'मेरी आणि मानवी मुक्ती' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. रूढ भक्तीने मरियेला नम्र, मूक, आज्ञाधारक बनविले. ती मुळात गरीब, कष्टकरी, अन्यायाविरुद्ध बोलणारी स्त्री होती, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंतु मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेचा सिद्धांत आद्य पापाच्या सिद्धांतावर उभा आहे, म्हणून त्यांना त्या पायाशी जावे लागले. आदिमानवाच्या अपराधाने सारी मानवजात पतित झाली व बाप्तिस्म्यावाचून तरणोपाय नाही, असे मानले तर लंकेतील सुमारे ७० टक्के बौद्धांचे काय? शतकानुशतके शीलाचे पालन करणाऱ्या त्यांच्या पूर्वजांचे काय? वसाहतवादी राज्यकर्त्यांसोबत आलेल्या धर्माने हे विचारायलाच हवे होते. ते विचारण्यास इतका काळ लागला, हेच खरे तर आश्चर्य.

१९९४ साली लंकेच्या धर्माध्यक्षांनी ग्रंथावर आक्षेप घेतले. पुढे कार्डिनल रात्झिंगर यांच्या अध्यक्षतेखालील रोमच्या धर्मसिद्धांत मंडळाने खास बालसूर्यांसाठी एक श्रद्धाप्रतिज्ञा तयार करून स्वाक्षरीसाठी पाठविली. स्त्रियांना धर्मगुरुपद नाही, हेही तीत मान्य करावयाचे होते! त्यांनी तिच्याऐवजी पोप सहावे पॉल यांच्या १९६८ च्या श्रद्धाप्रतिज्ञेवर स्वाक्षरी केली, मात्र परिषदेनंतरचा धर्मचिंतनाचा विकास व चिंतकाचे स्वातंत्र्य यांच्या संदर्भात, अशी पुस्ती जोडून. ती पुस्ती रोमला मान्य झाली नाही.

याच सुमारास, जानेवारी १९९५ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल मूळचे गोव्याचे जोसेफ वाझ यांना 'धन्य' घोषित करण्यासाठी कोलंबोस आले. आदल्या वर्षीच्या आपल्या पुस्तकात त्यांनी बौद्ध मुक्तिविचारास जवळजवळ केवळ नकारात्मक ठरविले होते. त्यामुळे प्रमुख भिक्षूंनी सर्वधर्मीय भेटीवर बहिष्कार टाकला. शेजाऱ्याच्या धर्माकडे पाहण्याची दृष्टी हा बालसूर्यांचा प्रश्न केवळ ग्रंथापुरता नव्हता, हे यावरून दिसते.

रोमने दीर्घ पत्रव्यवहार केला, हे मान्य केले पाहिजे. परंतु आपल्याला समोरासमोर बाजू मांडू दिली नाही, अशी बालसूर्यांची तक्रार होती. आणि निर्णयास पोपची संमती असल्यामुळे दाद मागण्याची वाटही बंद झाली. येथे विनयपिटकाचे स्मरण होते. अनुपस्थित भिक्षूविरुद्ध संघकर्म करू नये, असा चुल्लवग्गाचा दंडक आहे. मिथ्या दृष्टी न सोडणाऱ्या अरिट्ठालाही आधी समजाविले गेले, संघासमोर विचारले गेले, मगच त्याच्यावर उत्क्षेपणीय कर्म झाले. अर्थात नियम असणे आणि तो पाळला जाणे यांतील अंतर आपणही जाणतो.

जगभरातून निषेध झाला. इंग्लंड-अमेरिकेत ग्रंथ नव्याने छापला गेला. जानेवारी १९९८ मध्ये बहिष्कार मागे घेण्यात आला. बालसूर्यांनी १९६८ चीच प्रतिज्ञा स्वीकारली, या वेळी पुस्तीवाचून. पुढील लेखन धर्माध्यक्षांच्या संमतीसाठी सादर करण्याचेही मान्य केले. मात्र रोमची खास प्रतिज्ञा सहीवाचूनच राहिली. त्यांच्या निवेदनातील शब्दयोजना मोठी सूचक आहे: लेखनात संदिग्धता व चुका आढळल्या असे ते म्हणतात, आपण चुका केल्या असे म्हणत नाहीत.

एप्रिल २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मचिंतन आयोगाने बाप्तिस्म्यावाचून मृत्यू पावलेल्या बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे, असे जाहीर केले. आद्य पापाचा सिद्धांत मात्र आहे तेथेच आहे. बालसूर्यांचे १७ जानेवारी २०१३ रोजी कोलंबो येथे निधन झाले. दोन वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोतच जोसेफ वाझ यांना संतपद दिले, आणि त्याच दौऱ्यात, कार्यक्रमात नसताना, तेथील अग्गसावक विहारास भेट दिली.