शस्त्रं गेली, सूर राहिले : मिरजेच्या तंबोऱ्याची गोष्ट

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर... आपली लोकल धावते त्याच रुळांवरून महालक्ष्मी एक्सप्रेस मिरजेला जाते. आज तिकडेच जायचंय, पण आधी जर्मनीतल्या एका छोट्या गावात डोकावू.

गावाचं नाव ट्रॉसिंगन. तिथल्या जमिनीत प्लेटिओसॉरस डायनासोरचे सांगाडे सापडले, २० कोटी वर्षांहून जुने. पण जगाला हे गाव माहीत झालं ते माउथ ऑर्गनमुळे. माथियास होनर हा घड्याळं बनवणारा माणूस. १८५७ मध्ये तो माउथ ऑर्गन बनवायला लागला आणि गावाचं नशीबच पालटलं.

आता मिरज. इथले शिकलगार हत्यारं घडवायचे, त्यांना धार लावायचे. इंग्रजांचं राज्य आलं, तलवारींची मागणी आटली. मग एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांनी आश्रय दिला. पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ मध्ये ते गेले, त्यांची कबरही इथल्याच दर्ग्यात आहे.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. तो वाळवायचा, त्याला लाकडी दांडी जोडायची. पण खरी कसोटी जवारीची! तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा अगदी बारीक घासायचा. थोडं कमी घासलं तर सूर मुका, जास्त घासलं तर फाटका. मला तर वाटतं, पात्याला धार लावणारा हात इथेच कामी आला असणार. धंदा बुडाला, हातातली कला नाही बुडाली.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आता मिरजेचं नाव लावून कुणीही काहीही विकू शकत नाही. छानच झालं. पण मानांकनाने गिऱ्हाईक येतंच असं नाही. आज तंबोरा तुमच्या-माझ्या मोबाइलमध्ये, ॲपमध्ये आहे. रियाजाला सोयीचा आहे, मीही वापरतो. फक्त ॲपची जवारी कुणाला घासावी लागत नाही. आणि घासणारा हात एकदा थांबला, की पुढच्या पिढीला तो शिकवणार कोण?

डायनासोरचा सांगाडा जमिनीत कोट्यवधी वर्षं टिकतो. हातातलं कसब तसं टिकत नाही, ते वापरातच राहावं लागतं. म्हणून एक काम करा. जवळच्या गाण्याच्या क्लासमध्ये जा आणि खऱ्या तंबोऱ्याजवळ पाच मिनिटं नुसतं बसा. त्या वेळी इअरफोन मात्र खिशात ठेवा!