देवाच्या नावावर मतदान

दाखल्यासाठी एका सरकारी कचेरीत गेलो. टेबलावर सत्यनारायण मांडलेला. बाबू म्हणाला, 'आधी तीर्थ घ्या.' नाही घेतलं. दाखला 'उद्या'वर गेला.

म्हणून मित्रांनो, हा इतिहास पाठ करा. १७ ऑक्टोबर १९४९. घटना समितीत ह. वि. कामतांनी सुचवलं, सरनामा 'ईश्वराच्या नावाने' सुरू करा. हृदयनाथ कुंझरूंनी विरोध केला : श्रद्धेचं स्वातंत्र्य द्यायचं आणि त्याच सरनाम्यात देव लादायचा? मतं मोजली. बाजूनं ४१, विरुद्ध ६८. सरनामा 'आम्ही भारताचे लोक' असाच राहिला. 'धर्मनिरपेक्ष' शब्द १९७६ साली आला. निकाल आधीच लागला होता.

घरात कुणी काहीही पुजो. कचेरी सगळ्यांच्या पैशावर चालते. उद्या मी परत जाणार. हे आकडे घेऊन.